हलकं वाटतं का गं?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये बावीस वर्षं नोकरी करते, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. मी तयारीही केली होती. पण पंधरा दिवसांपूर्वी मी आपल्या गटावर लिहिलं की विषय बदलू द्या, मला बॉबकटवर बोलायचंय. त्यानंतर हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची जी रांग लागली ती तुम्ही पाहिलीच आहे. एकाने विचारलं, ‘नोकरी सोडून पार्लर टाकलंस का?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आम्हा टकल्यांना बाहेर बसू देणार का?’ तर टकले बंधूहो, बसा. तुमच्या घरी बायको आहे, लेक आहे, सून येईल. हे भाषण तुमच्यासाठी जास्त आहे.

आधी आपण सगळे थोडं मागे जाऊ.

आपल्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. हापशावर घागरींची रांग, रांगेत आपला नंबर धरायला ठेवलेला दगड, आणि त्या दगडावरून भांडणं. अशा घरात चार पोरी असतील तर रविवारचं न्हाणं हा केवढा मोठा कार्यक्रम व्हायचा! शिकेकाई उकळायची, एका बादलीत दोघींची डोकी धुवायची, आणि उरलेल्या पाण्यात अंगणातली मोगरी जगवायची. म्हणून लहानपणी आपल्या सगळ्यांचा बॉबकट होता. त्यात हौस काही नव्हती. पाणी कमी लागतं, उवा दिसतात आणि आईचा सकाळचा वेळ वाचतो, एवढाच हिशेब. वडील ज्या न्हाव्याकडे दाढी करायचे त्याच्याच खुर्चीवर फळी टाकून आपल्याला बसवायचे, आणि तो कानाच्या पाळीवरून सरळ रेघ मारायचा.

मग पाचवीत आपण या शाळेत आलो आणि दोन वेण्या, लाल रिबिनी, वेण्या वर दुमडलेल्या असा नियम लागला. रिबीन विसरली की मैदानात उभं राहायचं. तेव्हापासून कात्री बंद. ‘आता केस वाढव’ असं प्रत्येकीला घरून सांगितलं गेलं. कुणासाठी वाढवायचे ते सांगितलं नाही, पण कळायचं. बॉबकट लहान पोरीचा आणि वेणी लग्नाच्या मुलीची, असं ते गणित होतं. यात आपल्याला कुणी विचारलं नव्हतं आणि आपणही कुणाला विचारलं नव्हतं.

माझे केस कमरेखाली गेले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत होस्टेलच्या बोअरच्या जड पाण्याने ते दोरखंडासारखे झाले. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांच्याशी साबण मिसळला की फेसाऐवजी चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. हे रसायनशास्त्र आपल्याला सरांनी आठवीत शिकवलं होतं. माझ्या डोक्यात, म्हणजे डोक्यावर, ते विसाव्या वर्षी शिरलं. तरी मी केस कापले नाहीत. नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. रोज सकाळी वेणीला वीस मिनिटं जायची. ती वीस मिनिटं मी झोपेतून काढायची.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवतो. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि आपल्या जिल्ह्यात तरी कुठं वेगळं होतं? मी मुलाला घेऊन आईकडे आले होते. टँकर येऊन गेला होता. आईने न्हाणीत दोन बादल्या ठेवल्या आणि म्हणाली, ‘एक तुझ्या अंगाला, एक तुझ्या डोक्याला. माझं उद्या बघू.’ ती सहज म्हणाली. मी मात्र त्या बादलीकडे पाहत उभी राहिले. सत्तरीला आलेल्या माझ्या आईची अंघोळ माझ्या वेणीत जाणार होती. पुण्याला परत गेल्यावर दुसऱ्या शनिवारी मी केस कापले.

आणि पहिला बॉब साफ फसला.

मी पार्लरमध्ये मोबाइलवर एका नटीचा फोटो दाखवला आणि म्हणाले, असा. त्या मुलीने केस ओले केले आणि हनुवटीच्या रेषेत सरळ कापले. ओले होते तोवर छान दिसलं. वाळल्यावर ते दीड इंच वर चढले आणि दोन्ही बाजूंना पसरले. आरशात छत्री उघडल्यासारखं दिसत होतं. त्या नटीचे केस पातळ आणि सरळ, माझे दाट आणि लाटांचे. तिचा चेहरा लांबट, माझा भाकरीसारखा गोल. मी फोटो नेला होता तिचा, आणि डोकं नेलं होतं माझं. आमच्या कामात चुकलं तर कालच्या आवृत्तीवर परत जाता येतं. केसांत तशी सोय नाही. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. एवढंच हातात असतं आणि तेवढ्यावर वाट पाहायची.

त्या वाट पाहण्याच्या सहा महिन्यांत मी जे शिकले ते आज सांगणार आहे. पण त्याआधी २०१८ चा आपला पहिला मेळावा.

त्या मेळाव्यात माझ्या बॉबकटची फार चेष्टा झाली. ‘पुण्याचं पाणी लागलं’, ‘नवऱ्याने कापू दिले का?’, ‘परत पाचवीत बसवा हिला.’ मीही हसले. आईसुद्धा त्याआधी माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती, त्या मानाने तुम्ही प्रेमळच. त्या दिवशी शेवटच्या रांगेत एक मैत्रीण डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसली होती. जेवली थोडं, बोलली त्याहून थोडं. निघताना तिने मला गेटपाशी गाठलं. इकडे तिकडे पाहिलं, माझ्या उघड्या मानेवर मागून हात ठेवला आणि विचारलं, ‘हलकं वाटतं का गं?’

एवढंच विचारून ती रिक्षात बसून गेली. तिच्या पदराखाली काय होतं हे आपल्या वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता जे सांगते ते तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, ‘नाव घेऊ नकोस, पण सगळं सांग.’

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आपण आठवीत होतो. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या सकाळी रेडिओवर ऐकली. आपलं गाव वाचलं, पण कितीतरी दिवस आपण सगळे घराबाहेर अंगणात, ताडपत्रीखाली झोपलो. त्या महिन्यात ती तापाने पडली. तीन आठवडे अंथरुणात, केस विंचरायला कुणाला सवड नाही. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. आपण विंचरतो म्हणून ते फणीत येतात. विंचरलं नाही तर ते तिथेच राहतात, जिवंत केसांभोवती गुंडाळतात, त्यात घाम, तेल, धूळ बसते आणि गुंता घट्ट होत जातो. मानेजवळ तिला असा एक गुंता झाला. कुणीतरी म्हातारी म्हणाली, ही जट आहे, देवीचं बोलावणं आहे. भूकंपाने घाबरलेलं घर होतं ते. कापली आणि घरात काही वाईट झालं तर? त्यांनी गुंत्याला हळदकुंकू लावलं. झालं. त्या दिवसापासून फणी बंद.

नववीत ती महिना-दीड महिना शाळेत आली. माझ्याच बाकावर बसायची. हळूहळू डोक्याला वास येऊ लागला, आणि मी बाकाच्या टोकाला सरकले. हे मी केलं. मग तिने शाळा सोडली. मंगळवारी, शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती जोगवा मागायला येऊ लागली. एका शुक्रवारी ती आमच्या दारात आली. आईने मला हळदकुंकू आणि पसाभर ज्वारी दिली आणि म्हणाली, पाया पड. मी पडले. चौदा वर्षांची मी, चौदा वर्षांच्या माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या पाया पडले. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, देवीचा संचार असेल.

तीस वर्षं झाली, ते डोळे मी विसरलेले नाही. तो कसला संचार? ती माझी ओळख शोधत होती.

बाई, सर, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तुम्ही दोनदा तिच्या घरी जाऊन आला होता, हे मला तिनेच सांगितलं. तेव्हा सगळं गावच भीत होतं. पण पटावरचं तिचं नाव कमी झालं आणि आम्ही पन्नास पोरांनी पुढच्या आठवड्यात त्या जागी दप्तर ठेवायला सुरुवात केली, हेही खरं.

मेळाव्यानंतर मी तिला फोन करू लागले. पहिले काही महिने केसांचा विषयच काढला नाही. तिला मानेचं दुखणं होतं. सोलापूरला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, डोक्यावरचं ओझं आधी उतरवा, मग औषध देतो. पंचवीस वर्षांत ती कधी पाठीवर झोपली नव्हती. डोकं धुतलं की जट आतून दोन-दोन दिवस ओली राहायची, म्हणून ती डोकं धुणंच टाळायची.

जट कापणं म्हणजे बाईला धरून कात्री चालवणं नाही, हे मला तेव्हा कळलं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी शेकडो बायकांची जटांतून सुटका केली आहे; पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. हे कार्यकर्ते आधी बोलतात, पुन्हा पुन्हा बोलतात, घरातल्या सगळ्यांशी बोलतात. कारण भीती एकट्या बाईची नसते. सासूला वाटतं लेकाला काही होईल, नवऱ्याला वाटतं म्हशीला काही होईल, आणि पुढची तीन वर्षं घरात कुणालाही साधा ताप आला तरी बोट तिच्याकडेच जाणार असतं. म्हणून सगळ्यांच्या संमतीशिवाय कात्री लावायची नाही. आमच्या मैत्रिणीच्या घरी हे बोलणं करोनाच्या आधी सुरू झालं, मध्ये थांबलं, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत पूर्ण झालं. तिच्या लेकीने शेवटचा शब्द टाकला. म्हणाली, ‘आई, माझ्या लग्नात तू मान वर करून उभी राहायला पाहिजेस.’

जट कापली तेव्हा मी तिथे होते. वीस मिनिटं लागली. नंतर वजन केलं तर किलोला थोडी कमी भरली. ती उठून उभी राहिली आणि तोल गेला म्हणून भिंत धरली. मग दोन्ही हात मानेवर ठेवून बराच वेळ बसली. तिच्या सासूने गरम पाण्याने तिचं डोकं धुतलं. त्या रात्री ती पाठीवर झोपली.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. माझं बॉबकटचं भाषण इथून सुरू होतं.

जट कापल्यावर डोक्यावर उरतात ते दोन-अडीच इंच केस, तेही कुठे विरळ, कुठे दाट, कुठे कातडी लाल झालेली. ती घराबाहेर पडेना. लोक विचारायचे, ‘कोण गेलं?’ आपल्याकडे बाईचे केस गेले म्हणजे घरात कुणीतरी गेलं, हा अर्थ अजून लोकांच्या मनात आहे. विधवांचं केशवपन ज्या समाजांत होतं तिथे तर हा अर्थ वस्तऱ्याने लिहिला जायचा. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि हे काम आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. मला ही हकीकत फार आवडते. कधी बाईचे केस जबरदस्तीने काढले, कधी जबरदस्तीने ठेवले. दोन्ही वेळा तिचं मत कुणी घेतलं नाही.

बॉबची गोष्ट याच्या उलटी आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आयरीन कॅसल नावाच्या नर्तकीने आखूड केस ठेवले आणि १९२० च्या दशकात अमेरिका-युरोपातल्या हजारो बायकांनी तो कट उचलला. बायकांचे केस कापायला कुणी तयार नसायचं म्हणून कित्येकजणी पुरुषांच्या न्हाव्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढे १९६० च्या दशकात लंडनच्या विडाल ससूनने कात्रीच्या कोनांवरच असा बॉब बसवला की धुवा, झटका आणि कामाला जा. आपल्याकडे इंदिरा गांधींचे आखूड केस साऱ्या देशाने पाहिले. तरी आपल्या घरात तो कट आला की ‘परत पाचवीत बसवा!’

एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, ‘वाढले की तुझ्यासारखा बॉब होईल का गं माझा? नुसतं जट गेलेली बाई नको दिसायला. केस केलेली बाई दिसली पाहिजे.’

मग आम्ही दोघींनी त्यावर काम केलं, मी इकडून व्हिडिओ कॉलवर आणि ती तिकडे. तालुक्याच्या गावात आपल्याच शाळेची, आपल्याहून सहा वर्षांनी लहान मुलगी पार्लर चालवते, ती आमची तिसरी भागीदार. आमचे धडे असे:

पहिला धडा, वाढवायचे असले तरी कापावेच लागतात. मानेवरचे केस बॉबच्या लांबीला लवकर पोचतात आणि डोक्यावरचे मागे राहतात. मानेवरचे तसेच सोडले तर मागून शेपटी आल्यासारखं दिसतं. म्हणून दर दोन महिन्यांनी फक्त मानेवरचे बारीक करायचे आणि वरच्यांची वाट पाहायची. तिला दीड वर्षाहून थोडं जास्त लागलं. २०२३ च्या दिवाळीनंतर तिचा खरा बॉब झाला.

दुसरा धडा, फोटो आपल्यासारख्या केसांच्या बाईचा न्यायचा. दाट आणि लाटांचे केस असतील तर आतून थोडा भार कमी करायला सांगायचा, नाहीतर माझ्यासारखी छत्री. पातळ केस असतील तर खालची रेघ सरळ आणि एकसारखी ठेवायची, फार थर द्यायचे नाहीत. त्याने केस भरलेले दिसतात. तिचा भांग विरळ झाला होता, म्हणून सरळ रेघ आणि भांग जरा बाजूला.

तिसरा धडा, लांबी चेहऱ्यावरून. गोल चेहऱ्याला हनुवटीच्या दोन बोटं खाली आणि भांग बाजूला. लांबट चेहऱ्याला हनुवटीपर्यंत, कपाळावर थोडी झुलपं चालतात. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधनाच्या रुंद कपाळासाठीच तर ती झुलपं काढली होती, पुढे तिच्याच नावाने तो कट देशभर गेला. चौकोनी जबडा असेल तर कापाची रेघ नेमकी जबड्यावर थांबू द्यायची नाही, थोडी वर किंवा खाली.

चौथा धडा, भोवरा. मानेवर किंवा कपाळावर भोवरा असेल तर तिथले केस आपल्या मर्जीने वळत नाहीत. कापणाऱ्या मुलीला आधी बोट लावून दाखवा. आणि लांबी सांगताना ‘तीन इंच कापा’ असं सांगू नका, वाळल्यावर कुठे यायला हवेत तिथे बोट ठेवा. पहिल्यांदा मनातल्यापेक्षा एक इंच जास्तच ठेवा. उरलेला इंच पुढच्या आठवड्यात कापता येतो.

पाचवा धडा, रोजचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुन्या सुती पंचाने टिपायचं. केस ओलसर असतानाच भांग पाडायचा. पंख्याखाली मान वाकवून मुळं आधी वाळवायची आणि टोकं शेवटी गोल ब्रशवर आत वळवायची. ड्रायर असेल तर मध्यम गरम. सकाळची सगळी कामगिरी सात-आठ मिनिटांची. तेल लावायचं ते रात्री आणि टोकांना थोडंसं, नाहीतर आखूड केस चप्प बसतात. बोअरचं पाणी असेल तर पावसाळ्यात पत्र्याखाली पिंप ठेवा; पावसाचं पाणी मऊ असतं, शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या.

आणि सहावा धडा खर्चाचा. बॉब दिसतो सोपा, पण दर दीड-दोन महिन्यांनी कात्री लागते. वेणीला वेळ लागतो, बॉबला तारीख लागते. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी वेणी ठेवावी, तीही सुंदरच. माझ्या जावेची वेणी गुडघ्यापर्यंत आहे आणि तिला ती आवडते. बॉब कापा असं सांगायला मी उभी नाही.

राहता राहिला गजरा. सगळ्यात जास्त प्रश्न मला गजऱ्याचे आले! कानामागे दोन आकडे उलटसुलट लावा आणि त्यात गजऱ्याचा अर्धा पदर अडकवा. लेकीच्या लग्नात तिने तसाच लावला होता, मी स्वतः माळला. ती मान वर करून उभी होती. फोटो गटावर आहेत.

आणि हो, त्या नवरात्रात ती तुळजापूरला गेली. रांगेत उभी राहिली, ओटी भरली. मी भीत भीत विचारलं, कुणी काही बोललं का? ती म्हणाली, ‘एक बाई बोलली. मी तिला म्हटलं, आईनं मला डोकं दिलंय ते दुखायला दिलं नाही.’ तिची भक्ती होती तिथेच आहे. गेला तो फक्त गुंता.

आता माझं मागणं सांगते आणि थांबते.

शिक्षक असलेल्या मित्र-मैत्रिणींनो, आपल्या तुकडीतले अकराजण आज शाळांत शिकवतात. वर्गातल्या मुलीच्या डोक्यात न सुटणारा गुंता दिसला तर त्याच आठवड्यात तिच्या घरी जा. पहिल्या दिवसांत तो गुंता खोबरेल तेल, रुंद दातांची फणी आणि तासाभराचा धीर एवढ्यावर सुटतो. टोकाकडून सुरू करायचं आणि मुळाकडे जायचं. पंचवीस वर्षांनी त्याला कार्यकर्ते, डॉक्टर आणि दीड-दोन वर्षांची बोलणी लागतात.

बापलोकांनो, लेकीने केस कापले किंवा नाही कापले तर ‘कुणाला विचारून?’ हा प्रश्न गिळून टाका. छान दिसत नसेल तर महिनाभर गप्प बसा, अर्धा इंच वाढतीलच.

आणि आपण सगळे. आज ती शेवटच्या रांगेत नाही. तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि पदर खांद्यावर आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी सकाळपासून तिला ओळखलेलं नाही, हे ती मला चहाच्या वेळी हसून सांगत होती. जा, ओळख करून घ्या. फक्त तिच्या पाया पडू नका. तिला ‘अगं’ म्हणा. आणि शिवणकामाचं काही असेल तर द्या, ब्लाउज ती फार छान शिवते, मागचा गळा विशेष.

२०१८ मध्ये गेटपाशी तिने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नव्हतं. परवा फोनवर दिलं. म्हटलं, ‘हो गं, हलकं वाटतं.’ ती म्हणाली, ‘माहितीय मला. तू नीट बोल तेवढं, घाबरून कागद वाचू नकोस.’

कागद वाचला, माफ कर.

जेवणानंतर आमची पार्लरवाली धाकटी मैत्रीण आणि मी त्या कोपऱ्यातल्या वर्गात, आपल्या नववीच्या वर्गात बसणार आहोत. ज्यांना आपला भोवरा कुठे आहे ते पाहायचंय त्यांनी यावं. कात्री आणलेली नाही, त्यामुळे निर्धास्त या.